निर्णय चुकला? आधी विचारा – तो कुठे बसून घेतला होता?



मागच्या व्हिडिओत आपण कोटेशन कसं काढायचं ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांचा एकच सूर होता, "सर, हिशोब येतो हो. पण ऐनवेळी चुकतो." आजचा धडा त्या 'ऐनवेळी' या शब्दावर आहे. हिशोब येत असूनही तो का चुकतो, आणि त्यासाठी दुकानात, घरात, टेबलावर नेमकं काय बदलायचं, हे आज पाहू.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

३६० रुपयांचा डबा

ट्रेनिंग सुरू करण्याआधी माझं फरसाण आणि फराळाचं छोटं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे भटारखाना. मदतीला चार मावश्या. एका वर्षी नवरात्रात संध्याकाळी सहाच्या सुमारास एका कंपनीतून फोन आला. दिवाळीसाठी एक किलो फराळाचे २५० डबे हवे होते. "साहेब मीटिंगला जातायत, रेट आत्ताच सांगा."

त्या क्षणी माझी परिस्थिती बघा. समोर तीन गिऱ्हाइकं, त्यातलं एक अर्धा किलो शेवेसाठी नोट पुढे करून उभं. मागे कढईचा आवाज. एक मावशी आतून ओरडतायत, "दादा, चकलीची भाजणी संपली, आणू का?" फोन मान आणि खांद्यामध्ये दाबलेला, आणि हात तराजूवर.

मी मनात हिशोब केला. मजुरीसकट फराळ ३२२ रुपये किलो, वर ३८ रुपये नफा. बोलून मोकळा झालो – ३६०. ऑर्डर पक्की.

रात्री घरी गेल्यावर आठवलं, डबा राहिला की! छापील डबा आणि रिबीन ३४ रुपये. पोचवण्याचा खर्च डब्यामागे १४ रुपये. म्हणजे खरी किंमत ३७०. मी प्रत्येक डबा दहा रुपये तोट्यात विकला होता. जिथे ९,५०० रुपये सुटतील असं धरलं होतं, तिथे २,५०० रुपये खिशातून गेले. बारा हजारांचा फरक, आणि तोही एका मिनिटाच्या फोनमध्ये. शब्द दिला होता, त्यामुळे माल दिला.

खरं दुखलं ते पुढे. त्याच पैशांतून चार मावश्यांना दीड-दीड हजार दिवाळी द्यायची ठरवली होती. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी त्यांना पाचशे-पाचशे दिले आणि बाकीचे नंतर देतो म्हणालो. कारण सांगितलं तेव्हा त्या मावशींचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "दादा, तुम्ही फोनवर होता तेव्हा भाजणी संपली म्हणून मीच ओरडत होते. माझ्यामुळेच झालं असेल."

मी त्यांची समजूत काढली, "नाही हो मावशी, माझंच गणित कच्चं." त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं. पण दोन महिन्यांनी एका सोसायटीच्या कार्यक्रमाचं कोटेशन मी रात्री नऊ वाजता घरी, जेवणाच्या टेबलावर बसून काढलं. डबा, पिशवी, रिक्षाभाडं, सगळं धरलं. एक पैसा चुकला नाही. माणूस तोच होता आणि गणितही तेच. बदलली होती ती फक्त जागा.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चूक मावशींची नव्हती. माझ्या गणिताचीही नव्हती. जिथे हिशोब करूच नये अशा जागी उभं राहून मी हिशोब केला होता, आणि ती जागा मीच तशी ठेवली होती.

दोन स्प्रिंग आणि एक ताटली

हाच विचार जपानमधल्या कारखान्यांत फार आधी झालाय. शिगेओ शिंगो नावाचे एक मोठे उत्पादन-तज्ज्ञ होते. १९६१ मध्ये ते यामादा इलेक्ट्रिक नावाच्या कारखान्यात गेले होते. तिथे एक साधा स्विच जोडला जायचा. दोन बटणं, आणि प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्प्रिंग. काम अगदी सोपं. तरीही अधूनमधून एखादी कामगार स्प्रिंग बसवायला विसरायची, आणि तसाच स्विच गिऱ्हाइकाकडे जायचा. मग बोलणी, माफी, पुन्हा तपासणी. "लक्ष देऊन काम करा" हे सगळ्यांना सांगून झालं. थोडे दिवस फरक पडायचा, पुन्हा तेच.

शिंगोंनी उपाय काय केला? कामगारासमोर एक छोटी ताटली ठेवली. आधी खोक्यातून दोन स्प्रिंग काढून ताटलीत ठेवायच्या, मग स्विच जोडायला घ्यायचा. काम झाल्यावर ताटलीत स्प्रिंग उरलेली दिसली, की लगेच कळतं, एक बसवायची राहिली. स्प्रिंग विसरण्याचा त्रास बंद झाला. कामगार बदलले नाहीत, कोणाला जास्त हुशार व्हावं लागलं नाही. समोरच्या टेबलावर एक ताटली वाढली, इतकंच.

या पद्धतीला शिंगो सुरुवातीला 'बाका-योके' म्हणायचे, म्हणजे मूर्खपणा टाळणारी युक्ती. १९६३ मध्ये दुसऱ्या एका कारखान्यात अशी युक्ती बसवताना हा शब्द ऐकून एका कामगार बाईला रडू फुटलं. मी काय इतकी मूर्ख आहे का, असं तिला वाटलं. शिंगोंना ते लागलं. त्यांनी नावच बदललं – 'पोका-योके', म्हणजे नजरचूक टाळणारी युक्ती. आज जगभरातल्या कारखान्यांत हाच शब्द चालतो.

हा किस्सा वाचला की मला आमच्या मावशी आठवतात. आपल्याकडे धंद्यात नुकसान झालं की आपण पटकन म्हणतो, "मला धंद्यातलं कळतच नाही," "माझा स्वभावच भिडस्त," "आमच्या घराण्यातच कोणी व्यापारी नाही." थांबा. स्वतःला नावं ठेवण्याआधी टेबलावर ताटली आहे का, ते बघा.

आजूबाजूचं वातावरण निर्णयात कुठून शिरतं?

माझ्या अनुभवात चार दारं आहेत.

१. व्यत्यय. हिशोब करताना डोक्यात चार-पाच आकडे एकदम धरावे लागतात. मध्येच कोणी हाक मारली की त्यातला एखादा गळतो. आणि कोणता गळला हेही कळत नाही! माझ्या डब्याचे ३४ रुपये असेच गळले.

विमानाच्या बाबतीत याचा नियमच आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लट शहराजवळ एक प्रवासी विमान उतरताना कोसळलं. चौकशीत दिसलं, की उतरण्याच्या वेळी वैमानिकांच्या कामाशी संबंध नसलेल्या गप्पा चालल्या होत्या. पुढे १९८१ मध्ये तिथल्या विमान वाहतूक खात्याने नियम केला. उड्डाण, उतरणं, आणि साधारणपणे १०,००० फुटांखाली विमान असताना कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त काहीही बोलायचं-करायचं नाही. लक्षात घ्या, पूर्ण प्रवासभर गप्प बसा असं सांगितलेलं नाही. जिथे चूक महागात पडते, तेवढाच भाग बंदिस्त केलाय.

आपल्या धंद्यातही १०,००० फुटांखालचे काही निर्णय असतात. रेट सांगणं, उधारी देणं, मोठा माल भरणं, माणूस कामावर ठेवणं किंवा काढणं, कर्जाच्या कागदावर सही करणं. हे निर्णय काउंटरवर उभं राहून घ्यायचेच नाहीत.

२. जे डोळ्यांसमोर आहे ते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात एक प्रयोग झाला होता, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी त्यांनी पदार्थांवर लाल, पिवळ्या, हिरव्या खुणा लावल्या. नंतरच्या टप्प्यात मांडणी बदलली. चांगले पदार्थ नजरेच्या उंचीवर ठेवले आणि पाण्याच्या बाटल्या जेवणाच्या काउंटरांजवळ टोपल्यांत ठेवल्या. या दुसऱ्या टप्प्यात पाण्याच्या बाटल्यांची विक्री २५.८ टक्क्यांनी वाढली. साखरेची पेयं वगैरे लाल खुणेच्या पेयांची विक्री, जी खुणांमुळे आधीच उतरली होती, ती आणखी ११.४ टक्क्यांनी घटली. पाणी प्या म्हणून कोणी मागे लागलं नव्हतं. पाणी हाताशी आलं होतं.

ही युक्ती आपण गिऱ्हाइकावर वापरतो. चॉकलेटं गल्ल्याजवळ ठेवतो ते उगाच नाही. पण तीच गोष्ट आपल्यावरही होत असते, हे विसरतो. पुढच्या फळीवरचा माल संपलेला दिसतो म्हणून आपण नवीन मागवतो, आणि मागच्या फळीवर सहा महिन्यांचा माल धूळ खात पडलेला असतो. फोनवर बँकेची शिल्लक ८० हजार दिसते म्हणून फ्रीज घ्यायचं ठरतं, पण त्यातले ४५ हजार पुरवठादाराचे आहेत, हे स्क्रीनवर लिहिलेलं नसतं. जे दिसतं तेवढंच आहे, असं मन धरून चालतं.

३. आजूबाजूची माणसं. कंपनीचा सेल्समन काउंटरवर उभा आहे, "आजच्या दिवस स्कीम आहे, दहावर एक फ्री." शेजारचा दुकानदार म्हणतो, "मी वीस घेतले." चार गिऱ्हाइकांसमोर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. उधारीचंही तसंच. ओळखीचा माणूस, मागे लोक उभे, आणि तो म्हणतो, "लिहून ठेवा." त्या क्षणी आपण पैशाचा निर्णय घेत नसतो. आपण चारचौघांतली भीड सांभाळत असतो.

आपल्या जुन्या दुकानदारांना हे बरोबर कळलं होतं. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी तुम्ही लहानपणापासून बघताय. आपण तिला विनोद समजतो. पण ती पाटी काम काय करते बघा. 'नाही' हा शब्द दुकानदाराच्या तोंडातून काढून भिंतीवर नेऊन ठेवते. दुकानदार नुसता पाटीकडे बोट करतो आणि दोघेही हसतात. संबंध टिकतो, पैसाही टिकतो. आपली मराठमोळी ताटली हीच!

४. वेळ आणि शरीर. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलची दुपार, सकाळपासून पोटात फक्त चहा, पाय दुखतायत. अशा वेळी समोरच्याशी घासाघीस करायची ताकद नसते. "जाऊ दे, घे" हे वाक्य बहुतेक वेळा दमलेल्या शरीराचं असतं. माझ्या एका बॅचमधल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी आठवडाभर नोंद ठेवली. त्यांनी दिलेल्या सगळ्या नको तितक्या सवलती दुपारी दोन ते चारमधल्या होत्या. जेवण साडेतीनला व्हायचं. त्यांनी जेवणाची वेळ एकला आणली. दुसरं काहीच बदललं नाही, तरी सवलती कमी झाल्या.

मग करायचं काय? पाच बदल

पहिला – रेटची ताटली. एका जाड कागदावर सहा खाने आखा: माल, मजुरी, पॅकिंग, पोचवणं, कर (लागू असेल तर), नफा. कागद लॅमिनेट करून फोन जिथे ठेवता तिथे लावा, सोबत मार्कर. नियम एकच: एकही खाना रिकामा असेल तर रेट तोंडातून बाहेर काढायचा नाही.

दुसरा – ठरलेलं वाक्य. फोनवर घाई झाली की म्हणायचं, "पक्का रेट अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर पाठवतो." हे वाक्य पाठ करा, घरच्यांनाही शिकवा. तुम्हाला वाटेल, गिऱ्हाईक जाईल. एखादं जाईलही. पण बहुतेकांना लेखी रेट हवाच असतो, आणि अर्धा तास म्हटल्यावर तो अर्ध्या तासात गेलाच पाहिजे, नाहीतर वाक्याची किंमत संपते.

तिसरा – निर्णयाची एक जागा आणि एक वेळ. १०,००० फुटांखालच्या निर्णयांसाठी दिवसातली वीस मिनिटं आणि एक ठरलेली जागा. सेल्समनलाही सांगून ठेवा, "ऑर्डर बुधवारी सकाळी दहाच्या आत." गर्दीच्या वेळी आला तर चहा द्या, ऑर्डर देऊ नका.

चौथा – पैसे वेगळे दिसले पाहिजेत. धंद्याचं खातं वेगळं ठेवा, आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा लावा. पुरवठादाराचे आणि कराचे पैसे दर आठवड्याला दुसऱ्या खात्यात सरकवा. मग पहिल्या खात्यात जे दिसेल ते तुमच्या खऱ्या ऐपतीच्या जवळ जाईल. घरखर्चाला गल्ल्यात हात घालायचा नाही. महिन्याला ठरलेली रक्कम पगारासारखी घ्यायची.

पाचवा – लपलेलं पुढे आणा. पडून राहिलेला माल मागे लपवू नका, येता-जाता खुपेल असा ठेवा. येणं असलेल्या उधारीची एकूण रक्कम, नावं न लिहिता फक्त आकडा, तुम्हालाच दिसेल अशी गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. नवीन उधारी लिहिताना तो आकडा आधी दिसेल.

"सर, आमच्याकडे जागाच नाही!"

हा प्रश्न दर बॅचला येतो, आणि तो खरा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताईंना मी 'शांत केबिनमध्ये बसा' असं कसं सांगू? पण जागा म्हणजे खोलीच लागते असं नाही. एक वेगळी वही म्हणजे जागा. पोरं शाळेत गेल्यानंतरची पंधरा मिनिटं म्हणजे जागा. देवळाबाहेरचा कट्टा, एसटी स्टँडवरचा बाक, बंद केलेल्या शटरच्या आतला स्टूल, सगळं चालतं. अट एवढीच, की तिथे तुम्ही फक्त हेच काम करायचं आणि फोन सायलेंट असायचा. थोड्या दिवसांत त्या कट्ट्यावर बसलं की डोकं आपोआप हिशोबाला लागतं.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. जागा बदलली म्हणून सगळं सुटत नाही. भांडवलच कमी असेल, भाडं परवडत नसेल, मालाला मागणीच नसेल, तर टेबल आवरून धंदा उभा राहणार नाही. खर्चाची माहितीच चुकीची असेल, तर शांत जागी बसूनही चुकीचाच रेट निघेल. ताटलीचा उपयोग एवढाच, की जे तुम्हाला येतं ते ऐनवेळी हातातून निसटू नये. पण सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत, जेव्हा एका ऑर्डरच्या तोट्याने कोणाची तरी दिवाळी अडते, तेव्हा हे 'एवढंच' फार मोठं असतं.

या आठवड्याचा गृहपाठ

सात दिवस, रोज रात्री, फक्त एक निर्णय लिहा. चार ओळी पुरे:

- काय ठरवलं? (उदा. रेट सांगितला, उधारी दिली, माल मागवला)
- कुठे आणि किती वाजता?
- तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं, कोण होतं?
- आत्ता शांतपणे बसल्यावर तोच निर्णय घेतला असता का? हो किंवा नाही.

सातव्या दिवशी फक्त 'नाही' वाल्या ओळी वाचा. त्यात एखादी जागा, एखादी वेळ किंवा एखादा माणूस पुन्हा पुन्हा येतोय का बघा. येत असेल, तर वरच्या पाचांपैकी एकच बदल निवडा आणि महिनाभर पाळा. पाचही एकदम सुरू केले तर आठवड्यात एकही उरणार नाही, हेही अनुभवाने सांगतो.

मावश्यांचे राहिलेले हजार-हजार रुपये मी संक्रांतीला दिले. पुढच्या नवरात्रात सहा खान्यांचा तो कागद फोनशेजारी लावला, तेव्हा त्याच मावशी बघायला आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मी एकेक खाना बोट ठेवून सांगितला. त्यानंतर फोन वाजला की त्या आतूनच सगळ्यांना दटावायच्या, "गप बसा गं, दादा कागद भरतायत!" त्या दिवाळीत चौघींना पूर्ण दिवाळी मिळाली, तीही वसुबारसेच्या आधी.

तुमच्या दुकानात ताटली कुठे लागेल, ते आज रात्रीच ठरवा. पुढच्या व्हिडिओत आपण 'उधारी वसूल करताना कसं बोलायचं' यावर बोलू. तोपर्यंत गृहपाठ करत राहा. भेटूया!